आमची काही घाई नाही

आमच्या शेजारच्या आर्डिस टॉलेफसनला आयुष्यात कुत्रा कधी निवडावा लागला नव्हता. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, घरात पाच कुत्रे होऊन गेले, आणि पाचही कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून आले. शेतकऱ्याची कुत्री व्यायली की तो खोकं फाटकाशी ठेवायचा, वर जाड अक्षरात 'फुकट' लिहायचा, आणि आर्डिसचा नवरा ड्वेन दुधाचा टँकर घेऊन परतताना एक पिल्लू उचलून आणायचा. चौतीस वर्षं त्याने टँकर चालवला. आर्डिस तेवढीच वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या हातचं जेवलेली मुलं आता स्वतःची मुलं शाळेत सोडायला येतात.

शेवटचा कुत्रा मूस, काळा लॅब्रेडोर. तो गेला आणि चारच महिन्यांनी ड्वेनला अर्धांगाचा झटका आला. वाचला, पण डावा पाय ओढत चालतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास चालायचं. ड्वेनने चाळीस वर्षं दिवसातून दोनदा आमच्या टॅमरॅक गावाला फेरी मारली होती, पण कुत्र्यामागून. कुत्र्याशिवाय चालणं त्याला पटेना.

"नुसताच रस्त्यानं निघालो तर लोक गाडी थांबवून विचारतील, ट्रक बंद पडला का म्हणून," तो म्हणाला, आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसला तो बसलाच. खुर्चीतून न्हाणीघर आणि न्हाणीघरातून खुर्ची.

एप्रिलमध्ये व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आर्डिसला बाहेर गाठून स्पष्ट सांगितलं की हा माणूस येत्या हिवाळ्यापर्यंत असाच बसून राहिला तर पुढे चाकाच्या खुर्चीशिवाय इलाज नाही. टॉलेफसनांची झोपायची खोली वरच्या मजल्यावर. त्यांची मुलगी कारी मिनियापोलिसला राहते, तिने वृद्धांच्या निवासाची माहितीपत्रकं पाठवायला सुरुवातही केली होती. आर्डिस ती ब्रेडच्या डब्याखाली ठेवायची. तिच्या मते यावर उपाय एकच होता, पहिल्या बर्फाआधी घरात कुत्रा आला पाहिजे.

हे तिने मला सांगितलं ते माझ्या स्वयंपाकघरात, चाळीस मिनिटं हवेबद्दल बोलून झाल्यावर, दारात, कोट घालताना.

"तुझ्याकडे तो संगणक चालतो ना? म्हणजे, तुला वेळ असला तरच हं. नसला तरी काही बिघडत नाही."

मला वेळ होता. मुलं कॉलेजला गेली होती आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात घेतलेली प्राणिशास्त्राची पदवी कशाला तरी उपयोगी पडावी असं मलाही वाटत होतं. कामाला लागले.

खोक्यांचे दिवस संपलेत हे पहिल्या आठवड्यात कळलं. गोठे कमी झाले, आणि जे उरलेत तिथल्या कुत्र्यांची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली. बेवारस कुत्र्यांच्या तालुक्याच्या निवाऱ्यात गेलो, तर तिथे तीन कुत्रे, तिन्ही वासरांएवढे. पुन्हा लॅब्रेडोर आणायला त्या व्यायामवाल्या बाईंची सक्त मनाई. बर्फावर त्याने एक हिसका दिला की ड्वेन उताणा! मध्यम चणीचा, मायाळू, पण बाहेर जायचं म्हणून मागे लागणारा कुत्रा हवा. कारीने फोनवर कुरळ्या, न गळणाऱ्या केसांची, पूडलची कसलीशी संकरित जात सुचवली. आर्डिसने ड्वेनला फोटो दाखवला.

"मेंढीच पाळायची तर सरळ मेंढी आणू," तो म्हणाला. "लोकर तरी मिळेल."

अखेर स्प्रिंगर स्पॅनियल ठरला, कारण ड्वेनच्या काकांकडे एक होता आणि ते नाव काढल्यावर तो खिडकीतून मान वळवून आमच्याकडे बघायला लागला. आर्डिसला तेवढं पुरलं.

जात ठरली. आता पिल्लू देणारा माणूस शोधायचा होता, आणि तिथे माझ्या सहनशक्तीची परीक्षा सुरू झाली. एका वेबसाइटवर अठरा जातींची पिल्लं होती, आणि अठराही एकाच निळ्या सोफ्यावर बसलेली. त्या गृहस्थांना मी फोन केला. म्हणाले, घरी यायची गरज नाही, मीच हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी पिल्लू घेऊन येतो.

"पिल्लाच्या आईला बघता येईल का?" मी विचारलं.

"आई सध्या बाहेरगावी आहे."

मी फोन ठेवला. आर्डिस शेजारी बसून कळवळत होती. "बिचारा एवढ्या लांब यायला तयार होता गं. त्याला वाईट वाटलं असेल."

मग तासाभरावरची एक शेतवाडी. मागे लांबलचक पत्र्याची शेड, आतून एकसारखं भुंकणं आणि डोळ्यांत झोंबणारा वास. बाईंनी नुकतंच धुतलेलं, थरथरणारं एक पिल्लू आणून आर्डिसच्या हातात दिलं. शेड दाखवा म्हटल्यावर म्हणाल्या, आत रोगराई जाते. मी डोळ्यांनी खुणावत होते, चल. आर्डिस पिल्लू धरून अर्धा तास उभी! तिने त्या बाईंच्या पडद्यांची स्तुती केली, रस्त्याची केली, पाऊस बरा झाला म्हणाली. शेवटी माझी भाजी गॅसवर आहे अशी थाप मारून मी तिला बाहेर काढलं. तासाभराच्या अंतरावर कुठली भाजी!

"सरळ 'नको' म्हणायचं होतंस," मी गाडीत वैतागून म्हणाले.

"तोंडावर?" ती म्हणाली.

चांगल्या ब्रीडरांची, म्हणजे जातिवंत पिल्लं वाढवणाऱ्यांची, तऱ्हा निराळी. ते पिल्लू विकत नाहीत, देतात, आणि तेसुद्धा मुलगी द्यावी तसं चौकशी करून. फॉर्म अकरा पानांचा. घरी दिवसभर कोण असतं, अंगणाला कुंपण आहे का, आधीच्या कुत्र्यांचं काय झालं. आर्डिसने माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून पाचही कुत्र्यांचं खरं खरं लिहिलं. दुसरा कुत्रा ड्वेनच्याच टँकरखाली गेला, हेही.

"हे गाळ की," मी म्हणाले.

"मग काय, खोटं लिहू? त्यानंतर तो आठवडाभर जेवला नव्हता. तेही लिहिलंय."

दोघांनी नकार कळवला. एकाने कुंपण नाही म्हणून, दुसऱ्याने टँकर वाचून. मे महिना असा गेला. ड्वेनचा व्यायाम दोनदा चुकला.

तिसरी मात्र स्वतःहून बोलली. रोझॅन पेट्रुची, मूळची न्यू जर्सीची, ब्रेनर्डच्या पुढे जंगलाच्या कडेला राहणारी. फोनवर तिचा आवाज दोन खोल्यांपलीकडे जाईल असा. "टँकरवाल्या बाई त्या तुम्हीच ना? वीस वर्षांत खरं लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्या. या शनिवारी."

आर्डिसने ड्वेनला विचारलं, येतोस का. तो नको म्हणाला. आम्ही दोघीच गेलो, मांडीवर रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा.

अशी जागा मी तोवर पाहिली नव्हती. पिल्लं स्वयंपाकघरातच, आई त्यांच्यात, तिच्या कमरेच्या हाडांचे आणि डोळ्यांच्या तपासणीचे कागद टेबलावर मांडून ठेवलेले. न विचारताच रोझॅनने सगळं दाखवलं, वड्या खाल्ल्या, कृती मागितली. सात पिल्लांतलं एक तपकिरी-पांढरं पिल्लू आलं, आर्डिसच्या बुटावर हनुवटी टेकली आणि झोपलं. आर्डिस पुढची पंचवीस मिनिटं तो पाय हलवेना.

"चला, तुम्ही मला पसंत आहात," रोझॅन म्हणाली. "हे हवंय तुम्हाला?"

"छानच आहे हो. पण तुमच्या यादीत आधीची माणसं असतील ना."

"आहेत. त्यांचं मी बघेन."

"नाही म्हणजे, आमची काही घाई नाही. कुणाला जास्त गरज असेल तर आधी त्यांना द्या."

"नक्की?"

"हो हो! आमचं काय, चालतंय."

"बरं," रोझॅन म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

टॅमरॅकमध्ये कॉफी तीनदा विचारतात. पहिलं 'नको' म्हणजे चांगलं वळण. दुसरं 'नको' म्हणजे यजमानाला खरंच त्रास होणार नाही ना याचा अंदाज. तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणायचं, आणि मग दोन कप प्यायचे. मला हे समजावून सांगावं लागत नाही, आमच्या घरीही पाहुण्यांच्या ताटात वाढताना हेच चालायचं. न्यू जर्सीत बहुधा एकदाच विचारतात. रोझॅनने दोनदा विचारलं म्हणजे तिच्या हिशेबी आग्रहच झाला. ते पिल्लू हातचं चाललंय हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. आणि मी? मीही हसून मान डोलावली. बावीस वर्षांत मलाही इथलं पाणी लागलंय.

परतताना आर्डिसने नवा पट्टा आणि वाडगं घेतलं. "छान झालं ना गं? आता ती फोन करून विचारेलच."

नऊ दिवस तिने फोनजवळ मुक्काम ठोकला. दहाव्या दिवशी माझ्या संगणकावर रोझॅनचं पत्र आलं. सगळी पिल्लं चांगल्या घरी गेली, बुटावर झोपणारं रॉचेस्टरच्या एका कुटुंबाला दिलं, तुम्ही इतका मोठेपणा दाखवलात म्हणून आभार.

मी ते वाचून दाखवलं. आर्डिस हातातल्या पुसण्याच्या घड्या घालत राहिली.

"अगं, तू तिला नको म्हणालीस!"

"नको कुठं म्हणाले? घाई नाही म्हणाले."

"पण घाई आहे ना!"

"हो," ती म्हणाली, आणि पुसणं उलगडून पुन्हा घडी घालायला लागली.

ड्वेनला तिने एवढंच सांगितलं की जमलं नाही. तो 'बरं' म्हणाला आणि खिडकीकडे वळला. जुलैत तो दुपारीही खुर्चीतच झोपायला लागला. कारी एका रविवारी येऊन चाकाची खुर्ची वर नेता येईल का बघायला जिन्याची रुंदी मोजून गेली. पट्टा आणि वाडगं कपाटात वरच्या फळीवर गेलं. मी दुसरीकडे फॉर्म पाठवत होते, उत्तरं येत होती, पुढच्या वसंतात बघू. मला आर्डिसचा राग यायचा, मग माझा स्वतःचा, मग त्या रॉचेस्टरच्या कुटुंबाचाही, ज्यांचा काडीचा दोष नव्हता.

अशात एके दिवशी कळलं की आर्डिसने रोझॅनला आभाराचं कार्ड पाठवलंय. सोबत वड्यांची कृती.

"आभार कशाचे?" मी जवळजवळ ओरडलेच. "तिने तुझं पिल्लू दुसऱ्याला दिलं त्याचे?"

"तिने तिचा अख्खा शनिवार दिला आपल्याला. कृती मागितली होती, ती द्यायची राहिली होती."

मी तणतणत घरी आले. पुढचा फॉर्म भरायला घेतला.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. हात ओले म्हणून आर्डिसने बटण दाबून तो तसाच टेबलावर ठेवला. रोझॅनचा आवाज घरभर घुमला.

"तुमचं कार्ड मिळालं. तीनदा वाचलं. मी तुम्हाला कुत्रा दिल्यासारखं लिहिलंय तुम्ही. आता मला एक सांगा, तुम्हाला ते पिल्लू हवं होतं की नव्हतं?"

"हवं म्हणजे..." आर्डिसने माझ्याकडे बघितलं. "मिळालं असतं तर काही वाईट झालं नसतं."

"हे 'हो' आहे की 'नाही'?"

"तुम्ही त्याचं मनाला लावून घेऊ नका हो..."

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. मग भिंतीवर तळहात घासल्याचा आवाज, पाय ओढल्याचा, पुन्हा तळहाताचा. आजारानंतर ड्वेन फोनवर कुणाशी, अगदी कारीशीही बोलत नसे. तो दारात आला, चौकट धरली, टेबलापर्यंत पोचला आणि फोनवर वाकला. मान लाल झाली होती.

"हो आहे ते," तो म्हणाला. शब्द चिकटत होते, तो एकेक सोडवून काढत होता. "सेहेचाळीस वर्षं राहतोय मी हिच्याबरोबर. मला कळतं. ते 'हो' आहे."

रोझॅनने मोर्चा त्याच्याकडे वळवला.

"तुम्ही ड्वेन ना? मग जूनमध्ये का नाही आलात?"

"हिने विचारलं. मी नको म्हणालो."

"कितीदा विचारलं?"

ड्वेनने आर्डिसकडे पाहिलं. "एकदा."

"तू नको म्हणालास ना!" आर्डिस म्हणाली.

"अरे देवा," रोझॅन म्हणाली. "कशी माणसं आहात तुम्ही!" मग तिने सांगितलं की तिच्याकडे मॅबेल नावाची तीन वर्षांची कुत्री आहे. जबडा जरा वाकडा, म्हणून तिची पिल्लं काढायची नाहीत. बहिणीला द्यायची ठरली होती, पण बहीण आता फ्लॅटमध्ये राहायला गेली. "पण ती चालणारी आहे. बसून राहणाऱ्या माणसाला मी तिला देणार नाही. शनिवारी या, आणि ड्वेनला आणा. मला त्याला चालताना बघायचंय."

शनिवारी आम्ही तिघं गेलो. ड्वेन अडीच तास खिडकीबाहेर बघत बसला होता. दाढी मात्र केली होती.

रोझॅनच्या घरामागे कुरण आहे, त्याच्या टोकाला एक भूर्जाचं झाड. तिथपर्यंत जाऊन परत यायचं, एवढीच परीक्षा. एका हातात काठी, दुसऱ्यात मॅबेलचा पट्टा. मॅबेल तपकिरी, कान पावसात भिजल्यासारखे लोंबते. चार पावलं नीट गेली. मग तिला गवतात कसला तरी वास लागला, ती उजवीकडे ओढायला लागली, ड्वेन डावीकडे झुकला. तो सावरला. पुढे गेला. पाय गवतात अडकत होता, प्रत्येक वेळी काठी टेकून तो सोडवायचा. अर्ध्याच्याही अलीकडे थांबला, काठीवर भार टाकून बराच वेळ उभा राहिला आणि तिथूनच वळला.

परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मोटारीच्या पायरीवर बसला आणि कुणाकडेच बघेना.

रोझॅन आम्हा दोघींना बाजूला घेऊन, तिच्या मानाने हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू का, मला खात्री वाटत नाही. तुम्ही घरी जा. आठवडाभर शांतपणे विचार करा. मग मला फोन करा."

असं वाक्य कुठल्याही मुलखात म्हटलं तरी त्याचा अर्थ एकच होतो, 'नाही'. 'हो हो, काही हरकत नाही' हे शब्द आर्डिसच्या ओठांवर तयार होताना मला दिसले. या वेळी मी तोंड उघडणार होते. पण तिने हातातली पर्स खाली गवतात ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "विचार एप्रिलपासून चाललाय. तुम्हाला तो अर्ध्यातून परतलेला दिसला. दवाखाना सोडला तर दीड वर्षात तो घराच्या पायरीखाली उतरलेला नाही, आणि आज तुमच्या कुरणात गेला. मला ही कुत्री हवीय. पुढच्या आठवड्यात नको, आज हवीय." तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. मग सवयीने जीभ पुढे सरकलीच. "म्हणजे, तुम्हाला चालणार असेल तर..."

मी तिच्या दंडाला चिमटा काढला.

रोझॅनने आर्डिसकडे बघितलं, मोटारीच्या पायरीकडे बघितलं. मॅबेल तिथे ड्वेनच्या बुटाची नाडी चावत होती आणि तो तिला ओरडत होता. रोझॅन आत गेली आणि करारनामा घेऊन आली. नाही जमलं तर कुत्री निवाऱ्यात टाकायची नाही, कुणाला द्यायची नाही, सरळ तिच्याकडे परत आणायची. महिन्याने ती स्वतः येऊन बघणार, आणि तेव्हा तिच्या मनासारखं नसलं तर मॅबेलला घेऊन जाणार. आर्डिसने सही केली. चारदा आभार मानले, पण एकदाही 'घाई नाही' म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना खिडकीतून पाहिलं, तर ड्वेन त्यांच्या गाडीवाटेच्या मधोमध उभा. हातात पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मॅबेल, बूड टेकून बसलेली. तो ओढतोय, ती हलत नाही. तो विनवतोय, ती आभाळाकडे बघतेय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन वाजला.

"बघतेयस का?" आर्डिस कुजबुजली. ती त्यांच्या दाराच्या काचेमागे उभी होती.

"बघतेय."

"मी जाऊ का मदतीला?"

"अजिबात नाही."

"रोझॅन महिन्याने येणार आहे गं. आणि ही तर बसलीय!"

"बसू दे तिला. तो उभा आहे ना?"

इतक्यात आमच्या अंगणात खार उतरली. मॅबेल उठली ती थेट मधल्या झुडपांतून आमच्याकडे. मागे ड्वेन, काठी एकीकडे, पाय एकीकडे, माझ्या झेंडूच्या वाफ्यातून रोपं तुडवत, टँकरवाल्यांच्या ठेवणीतल्या शिव्या देत. खार झाडावर गेली. मॅबेल झाडाखाली थांबली, तोही थांबला, धापा टाकत.

मी खिडकी वर केली. "काय रे ड्वेन, सकाळी सकाळी?"

"ही बया ऐकतच नाही!" तो ओरडला. मॅबेलने रस्त्याच्या दिशेने पट्ट्याला झटका दिला, आणि तो कुरकुरत तिच्यामागून निघाला.